उन्हाचं इरलं

१० फेब्रुवारी १९४६, रविवार

आईशी भांडण झालं म्हणून वही काढली. आमचे सुभेदारसाहेब म्हणायचे, राग आला की माणसावर काढू नका, कागदावर काढा. इकडे आम्हाला जर्मनांवर सोडायचे आणि वर हे सांगायचे. पण सवय लागली ती लागलीच.

भांडण मुंबईच्या पत्रावरून. हंबीररावकाकांनी माझ्यासाठी गिरणीच्या फाटकावर रखवालदाराची जागा धरून ठेवलीय. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला निघून ये, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल, असं लिहिलंय. आई म्हणाली, "जा की रं नाथा. फाटकात हुबंच ऱ्हायाचं हाय. लंगड्या पायाला त्येवढं जमतंय."

मी म्हणालो, सहा वर्षं उभाच होतो. वाळूत उभा होतो, चिखलात उभा होतो, बर्फात उभा होतो. आता मला माझ्या ओट्यावर बसायचंय. तर म्हणते, "वट्यावर बसून मीठ-कापाड मिळतंय व्हय?"

तेही खोटं नाही. शेतावर खाऊन-पिऊन भागतं, पण वर काही उरत नाही. बाहेरचा रोजगार हवाच.

का जायचं नाही, याचं खरं कारण आईला सांगता येत नाही, इथं लिहितो. अंगाची हळद उतरायच्या आत मी भरती झालो होतो. परत आलो तर दारात एक उंच बाई उभी. मला वाटलं कोणी पाहुणी आलीय. वाकून नमस्कार करणार होतो. आई म्हणाली, "आरं, ही तुजी बायकू!" दोन महिने झाले त्याला. ती "आवं" म्हणते, मी "हं" म्हणतो, झालं आमचं बोलणं. आता मुंबईला गेलो तर हेही संपलं. म्हणून जायचं नाही. रोजगार इथंच काढायचा. कसा, ते माझ्या डोक्यात पक्कं आहे.

१२ फेब्रुवारी

बेत असा: गव्हाच्या काडाच्या हॅटा.

इटलीत फ्लॉरेन्स शहराच्या अलीकडे पायाला गोळी लागली, तेव्हा बरं होईतो एका खेड्यात मुक्काम होता. शेजारी एक म्हातारी राहायची. दिवसभर गव्हाच्या काड्यांची वेणी घालायची. चालताना, बोलताना, शेजारणीशी भांडताना हात चालूच. खाली बघायचीसुद्धा नाही. मग ती लांबच लांब वेणी गोल गोल शिवत नेली की झाली हॅट. मी तिची लाकडं फोडून द्यायचो, तिनं मला पाच काड्यांची वेणी शिकवली. चुकलो की हातावर फाडकन चापट. तिनं दिलेली वीतभर वेणी अजून माझ्या ट्रंकेत आहे.

ती वेणी आज आईला दाखवली, हॅट कशी असते तेही सांगितलं. आई म्हणाली, "म्हंजी उनाचं इरलं म्हन की!" आमच्या जावळीत पावसात बाया डोक्यावर इरलं घेऊन भात लावतात, तेवढंच तिला ठाऊक. मी म्हणालो, इरलं नव्हे गं, हॅट. साहेबलोक घालतात. म्हणाली, "सायेब तर चाललाय की आता. कुनाच्या डोक्यावर घालनार टोपडी?"

घरची चुलीपाशी होती. तिनं वेणी हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली, बोटानं काड्या मोजल्यासारखं केलं आणि परत दिली. तिला काय कळणार म्हणा.

१७ फेब्रुवारी

फत्ते! पाचगणीला जाऊन आलो.

बयाबाईबरोबर गेलो. बयाबाई म्हणजे आमची शेजारीण, तोंडाची फटकळ, पण मनाची चांगली. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन घाट चढते आणि पाचगणीच्या शाळांना भाजी घालते. तिनंच मला मुलींच्या एका इंग्रजी शाळेच्या मुदपाकखान्याच्या दारानं आत नेलं. तिथून शाळेच्या मोठ्या मड्डमपाशी. मड्डमनं वेणी बघितली, नखानं घासली, वास घेतला. लढाईपायी विलायतेहून हॅटा येत नाहीत आणि पोरी उन्हात खेळून टोमॅटोसारख्या होतात, असं म्हणाली. एप्रिलच्या शेवटी शाळेचे खेळ असतात, त्याच्या आधी दोन डझन हॅटा आण, चांगल्या निघाल्या तर दर साल तुझ्याकडूनच घेऊ. मी खाडकन सॅल्यूट ठोकला. मड्डम दचकली.

पोरींच्या डोक्यांची मापं घेऊन जा म्हणाली. मी म्हणालो, मड्डमसाहेब, काही गरज नाही. आम्ही मिलिटरीवाले. मापाचं आमच्यावर सोडा.

घाट उतरताना बयाबाई म्हणाली, "नाथा, पोरींच्या हॅटा झाल्या. आमचं काय? उनानं टाळकं तापून माझी सगळी अक्कल वितळून चाललीया." मी म्हणालो, ही फॅशनची वस्तू आहे, भाजीवाल्यांसाठी नव्हे. तिनं एवढं मोठं तोंड केलं आणि गावापर्यंत माझ्याशी बोलली नाही. मजेत उतरलो.

४ मार्च

गहू काढला आणि घरात महायुद्ध पेटलं.

आपल्याकडं गहू खळ्यावर पसरतात आणि वरून बैल फिरवतात. दाणा सुटतो, काडाचा भुसा होतो, भुसा बैलांच्या पोटात जातो. आजवर कोणाचं काही बिघडलं नाही. पण मला काडी अख्खी पाहिजे! बैलाच्या खुराखाली गेलेली काडी कामातून गेली. मी खळ्यावर आडवा उभा राहिलो. आई म्हणाली, "आन् बैलांनी काय हॅटा खायाच्या?" मी ओरडलो, ती ओरडली, बैलांनीही हंबरून घेतलं.

तेवढ्यात घरची बोलली. माझ्यादेखत इतकं लांब पहिल्यांदाच. म्हणाली, "आत्याबाई, वरल्या वाफ्यातला गहू मी दगडावर बडवती. भुसा कमी पडंल तितकं गवात वढ्यावरनं मी आनंन." आईनं बैल तेवढ्या पेंढ्यांवरून बाजूला घेतले. मीही खळ्यातून बाजूला झालो. हिला सासूसमोर बोलायला निमित्त हवं होतं बहुतेक, आयतं मिळालं.

७ मार्च

ती अजून बडवतेच आहे. ओंब्या दगडावर आपटायच्या, दाणे झडले की काड उभं करून ठेवायचं. तळहात लाल झालेत. मी म्हणालो, सावकाश होऊ दे. तर म्हणाली, "आखिती काय सावकाश येतीया व्हय?"

मुंबईच्या जागेची हिला भारीच काळजी दिसते. मी गेलो तर बरं, असं वाटत असेल. वाईट वाटलं. पण हॅटांचं काम थांबवणार नाही.

१७ मार्च, शिमगा

पोरं होळीसाठी लाकडं चोरतात, म्हणून काडाच्या पेंढ्यांवर दिवसभर पहारा केला. पेंढ्या वाचल्या. मागच्या मागं पोरांनी माझी बाज नेली. होळीत तिचे खूर ओळखू आले. आई हसून हसून खाली बसली. घरचीनं तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते, ते मी बघितलं.

तिला हसताना पहिल्यांदाच बघितलं. बाज गेली तर गेली.

२० मार्च

काम सुरू. काडीचा वरचा, ओंबीखालचा सरळ तुकडा तेवढा घ्यायचा, पेराजवळ कापायचा, पाण्यात भिजवायचा. मऊ झाली की वळते, नाहीतर कट्कन मोडते.

घरचीला शिकवायला बसलो. म्हातारीनं मला शिकवलं तसं रीतसर, पहिली काडी, दुसरी काडी, उजवीकडची दोनीवरनं. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही पाचपेडी हाय की. लग्नात माझी घातली हुती." आणि सुरू झाली! मी इटलीत आठवडाभर चापट्या खाऊन जे शिकलो, ते ही लहानपणापासून केसांत घालत आली होती. मी म्हणालो, केसांची वेगळी, काडीची वेगळी, तुझी अजून कच्ची आहे. ती "हं" म्हणाली. माझाच "हं" मला परत.

खरं लिहायचं तर तिची वेणी माझ्यापेक्षा एकसारखी येते. हे तिला सांगायची घाई नाही.

२६ मार्च

आज पाणी आणायला गेली तर हातात वेणी घेऊन. चालतेय आणि विणतेय, खाली बघत नाही. अगदी ती म्हातारी! मला हसू आलं. मी तिला म्हातारीची गोष्ट सांगितली, लाकडांची, चापट्यांची. तिनं विचारलं, "दिसायला कशी हुती?" मी म्हणालो, तोंडात दात नव्हते. म्हणाली, "मग चालतंय." काय चालतंय कोण जाणे.

लक्षात आलं की आज आम्ही बोलत होतो. दोघंही. बराच वेळ.

एक वाईट गोष्ट: काड्या कमी होताहेत. कापून ठेवलेल्या जुड्या सकाळी हलक्या लागतात. उंदीर असणार.

३० मार्च

उंदीरच. विणलेली वेणीसुद्धा नेतात हरामखोर. बयाबाईकडून मांजर मागून आणली. उंदीर काड्या पळवताहेत म्हणालो, तर बयाबाई भिंतीला टेकून हसत सुटली. "आगं बाई, लय मोठं उंदीर असत्याल नाथा! जप हां, चावत्याल!" म्हणाली. यात हसण्यासारखं काय होतं? बाईचं डोकं उन्हानं खरंच वितळलंय.

मांजर रात्रभर झोपली. काड्या गेल्याच.

३ एप्रिल, पाडवा

काडी पिवळी दिसते, मड्डमला पांढरी हवी. म्हातारी गंधकाची धुरी द्यायची. मेढ्याचा इलियास शिंपी माझा लहानपणचा दोस्त, त्यानं लोणंदच्या बाजारातून गंधक आणून दिला. शिवाय तिथल्या भंगारातून एक लोखंडी टोपीही आणली, गोऱ्या पलटणीच्या विक्रीतली. ती कशाला, ते नंतर.

कोंबड्यांचं डालगं पालथं घातलं, आत वेण्या टांगल्या, वरून ओलं पोतं, खाली निखाऱ्यावर गंधक. वारा फिरला आणि धूर सगळा घरात. आई खोकत बाहेर, घरची खोकत बाहेर, म्हैस दावं तोडून बाहेर. गुढीला नमस्कार करायला आलेली बयाबाई वाटेतूनच परत फिरली आणि नाथानं घरातलं भूत काढायला घेतलंय असं गावभर सांगितलं. पुरणपोळीला गंधकाचा वास. सणाचा दिवस असून आईनं मला शिव्या दिल्या.

पण वेण्या! दुधासारख्या निघाल्या. कोंबड्या मात्र डालग्यात जायला तयार नाहीत, सगळ्या आढ्यावर बसल्यात.

९ एप्रिल

हॅटा शिवायला घेतल्या. लोखंडी टोपी पालथी ठेवायची आणि तिच्यावरून वेणी गोल गोल शिवत आणायची. म्हातारीकडं लाकडाचा साचा होता, माझ्याकडं ही. प्रत्येक हॅट हुबेहूब सारखी, जणू शिपाई परेडला उभे. माझ्या अक्कलहुशारीवर मीच खूश झालो.

घरची म्हणाली, "आवं, पोरींची डोकी येवढी असत्यात व्हय?"

मी म्हणालो, हे मिलिटरीचं माप आहे. ह्या मापावर लढाई जिंकली.

"लढाईत पोरी हुत्या?" म्हणाली.

मी म्हणालो, तुला यातलं कळत नाही, तू शिव. ती शिवायला लागली. मग दिवसभर "आवं"सुद्धा म्हणाली नाही. मी जास्त बोललो का? पण हुकूम म्हणजे हुकूम.

१५ एप्रिल

दोन गोष्टी कळत नाहीत.

पहिली: मी विहिरीवरून गेलो की बाया हसतात. आधी वाटलं माझ्या चालीला हसतात. पण आज वाटेनं येताना ऐकलं, एक जण म्हणत होती, "माझं कवा हुणार गं?" आणि मी दिसताच सगळ्या चूप, मग फिसकन हसल्या. सगळ्यांच्या मधोमध आमची घरची. तिनं डोक्यावरची चुंबळ चटकन काढून पदराखाली लपवली. कपड्याच्या चिंधीची चुंबळ लपवायची कशाला? घागर डोक्यावर ठेवायला सगळ्याच वापरतात. आणि जरा मोठीच वाटली मला ती.

दुसरी: परवापासून वेणी पुरेशी झाली म्हणून मी तिला विणायची सुट्टी दिलीय. तरी तिच्या बोटांना काडीनं चिरल्याचे ताजे ओरखडे. विचारलं तर म्हणाली, "गवात कापताना." गवताचे ओरखडे असे नसतात. बैलांना भुसा कमी पडतोय त्याची शिक्षा बिचारी भोगतेय. मी खोबरेल आणून दिलं. तिनं वाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि डोळे भरून आले तिचे. खोबरेल तेलाला!

मग मी लिहीत होतो तेव्हा शेजारी येऊन बसली. "रोज काय लिवता?" म्हणाली. मी म्हणालो, दिवसाचा रपोट. "त्यात माजं नाव हाय?" मी म्हणालो, बायकोचं नाव कोणी घेतं का? ती म्हणाली, "घ्याचं न्हाई म्हंत्यात. लिवायचं न्हाई असं कोन म्हनलंय?"



२८ एप्रिल, रविवार

कसं लिहू? लिहितोच.

दोन डझन हॅटा दोन गाठोड्यांत बांधून पहाटे घाट चढलो. इलियासनं प्रत्येकीला निळी फीत लावून दिली होती. अशा दिसत होत्या की मलाच एक घालून बघावीशी वाटली आणि मी घातली. फेट्यावरून अगदी बरोबर बसली. तेव्हाच कळायला हवं होतं.

मड्डम खूश. "ब्यूटिफुल, नाथाजी," म्हणाली. मग तिनं एका आठ-नऊ वर्षांच्या पोरीला बोलावून तिच्या डोक्यावर हॅट ठेवली. पोर दिसेनाशी झाली! हॅट नाकावरून हनुवटीवर आली. दुसरी बोलावली, तीही गेली. थोरल्यातली थोरली पोर आली, तिचे ओठ तेवढे दिसले. पोरींना मजाच वाटली, हॅटा घालून एकमेकींवर आपटायला लागल्या. मड्डमनं हसू दाबायचा लय प्रयत्न केला, पण जमलं नाही. "नाथाजी, यह टोपी नहीं, तंबू है!" म्हणाली आणि खुर्चीत बसून हसली.

लोखंडी टोपीच्या आत चामड्याचा पट्टा असतो. डोकं त्या पट्ट्यात बसतं, लोखंडात नव्हे. सहा वर्षं डोक्यावर वागवली आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही. ज्याला कळत नाही असं मी म्हणालो, तिनं बघताक्षणी ओळखलं.

मी म्हणालो, पुन्हा करून आणतो. पण खेळ तोंडावर आलेत, आणि आता जहाजं सुरू झालीत, पुढल्या खेपेपासून विलायतेची हॅट येईल. मड्डमनं चहा पाजला. वाईट बाई नव्हे. चूक माझी.

उतरताना मान खाली घालून उतरलो. वाटेत बयाबाई भाजीची पाटी घेऊन वर येत होती. पाटीखाली काहीतरी रुंद, पिवळं होतं डोक्याला, मी नीट बघितलं नाही. तिनं हाक मारली, "नाथा, ऊन लागतंय का रं? मला न्हाई लागत!" आणि खदाखदा हसली. माणसाच्या पडत्या काळात अशी हसते.

२९ एप्रिल

काकांना पत्र टाकलं. आखितीला निघतो.

आई म्हणाली, "बरं झालं," आणि मग चुलीच्या धुराचं निमित्त करून डोळे पुसत बसली. घरची हॅटांच्या गाठोड्यांकडं बघून म्हणाली, "ह्या मी घिऊ?" मी म्हणालो, म्हशीला घाल. तिनं उचलून आत नेल्या.

३ मे

ट्रंक भरली. म्हातारीची वेणी आत ठेवली, बाहेर काढली, पुन्हा ठेवली.

मला जायचं नाही. हे मोठ्यानं कोणाला म्हणालो नाही, इथं म्हणतो. मला जायचं नाही. मला ती पाणी आणताना विणते ते बघायचंय. बाजेसाठी हसली तशी हसताना बघायचंय. तिला माझ्याबद्दल काय वाटतं ते विचारायची हिंमत जर्मनांपुढं होती तितकीही नाही. वीस वेळा तोंड उघडलं आणि "म्हैस पाजली का?" एवढंच विचारलं. म्हैस पाजून पाजून फुगली असेल.

४ मे, अक्षय्य तृतीया. शनिवार, दिवस मावळताना

घरीच आहे!

सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर गोंधळ होईल. सकाळी उठलो तर घरची घरात नव्हती. भाकरी बांधून ठेवलेली. आई म्हणाली, "गेली कुटंतरी बयाबाईसंगट." निरोपालाही थांबली नाही. मनाला फार लागलं. आईच्या पाया पडलो, ट्रंक खांद्यावर टाकली आणि मेढ्याला आलो.

मेढ्यात बाजार होता. ट्रंक मोटारीच्या टपावर चढवली. ड्रायव्हर चहाला गेलेला, म्हणून इलियासच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. इलियास म्हणाला, "गड्या, तोंड तर सरळ कर. तेराव्याला चाललायस का मुंबईला?" मी काही बोलणार, तेवढ्यात तो डोंगराकडं बोट दाखवून म्हणाला, "आयला, ह्ये काय आनि?"

डोंगराच्या पायवाटेनं बाया बाजाराला उतरत होत्या. नेहमीच्याच. डोक्यावर पाट्या, घागरी, गवताचे भारे. पण प्रत्येकीच्या भाऱ्याखाली गोल, पांढरी-पिवळी हॅट! माझी पलटण एका रांगेत कूच करत येत असावी, तशी ओळ. मी उभा राहिलो. जवळ आल्या तशी वेणी ओळखू आली. पाचपेडी. काहींना निळी फीत, मड्डमच्या हॅटा त्या. आणि प्रत्येक हॅटेच्या माथ्यावर काडीचीच जाड चुंबळ शिवलेली. तिच्यावर पाटी अशी बसलेली की हलत नव्हती. पोरींच्या नाकावर येणारी हॅट बायांच्या अंबाड्यावर, वरून पदर घेऊन, झक्क बसली होती. अंबाडा आणि पदर मिळून बरोबर लोखंडी टोपीचं माप होतं!

सगळ्यांत पुढं आमची घरची. तोंडावर हॅटेची सावली.

बयाबाई माझ्यासमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हं नाथा. आन ती माजी मांजर. हितं हायती उंदीर!" सगळ्या हसल्या. इलियास हसला, बाजार हसला. शिमग्यानंतर घरचीनं पहिलं उन्हाचं इरलं बयाबाईला करून दिलं, म्हणे. मग विहिरीवरच्या सगळ्यांना हवं झालं. कोणी नाचणी दिली, कोणी तूप, कोणी पिल्लांसकट कोंबडी, सगळं बयाबाईच्या घरी जमा. माझ्या हॅटांना चुंबळ लावून कालच वाटल्या. आता पलीकडच्या वाड्यांतून मागणी आलीय. इलियास एक हॅट उलटीपालटी करून बघत होता. "एक माज्या दुकानाला टांगतो. लोणंदच्या बाजारालाबी नेऊ," म्हणाला.

मी तिच्याकडं बघितलं. म्हणालो, मला सांगितलं का नाही?

म्हणाली, "तुमी म्हनला हुता, भाजीवाल्यांसाठी न्हाई. मड्डमसाठी हाय." मग खाली बघून हळू म्हणाली, "काड्या भिजत घातल्यात लय. सांजेपातूर उचलाय पायजेत, न्हाईतर कुजत्याल. मला येकटीला उचलायच्या न्हाईत. तुमी गेल्यावर कोन उचलंल?"

मी म्हणालो, आईला सांग की.

सगळ्या बायांनी एकदम कपाळावर हात मारला, म्हणजे हॅटेवर मारला. बयाबाई ओरडली, "आरं गाढवा, ती ऱ्हावा म्हनतीया!"

मला कळलं. उशिरा, पण कळलं. मी विचारलं, खरंच राहू? ती म्हणाली, "मग आखितीची घाई मला कशापायी हुती? हात लाल करून गहू काय हौसंनं बडवला?" आणि रडायलाच लागली. बाजाराच्या मधोमध, हॅटेच्या सावलीत. मी तिचा हात धरला. सगळ्यांदेखत. आई असती तर आम्हां दोघांना झोडपलं असतं.

या सगळ्यात मोटार निघून गेली. ट्रंक तिच्याबरोबर साताऱ्याला गेली. इलियासनं ड्रायव्हरला निरोप धाडलाय. म्हातारीची वेणी आत आहे, तेवढी हरवू नये म्हणजे झालं. वही खिशात होती म्हणून हे लिहितोय.

काकांना दुसरं पत्र टाकायचंय. आईला सांगितलं तर म्हणाली, "मी पयल्या दिशीच म्हनलं न्हवतं, उनाचं इरलं?" आता हे जन्मभर ऐकायचं.

काड्या दोघांनी मिळून उचलल्या. आता शेजारी बसून विणतेय आणि वहीकडं बघतेय. मघाशी म्हणाली, "आज तरी लिवा की माजं नाव. कसं दिसतंय, बघू."

मी लिहिलं: अंजना.

तिनं वाकून बघितलं. हॅट अजून डोक्यावरच आहे, तिचा काठ माझ्या कपाळाला लागला. म्हणाली, "येवढुसंच? त्या लोखंडी टोपीच्या मापानं लिवा की!"

अख्खं पान उरलंय. लिहितो.

अंजना